पोह्यांची झडती

मोठीआईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये समोसा खात होते. मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आणि तो थोरला भाऊ म्हणजे मोठेबाबा. आमच्या वऱ्हाडात नात्यांची नावं अशी सरळ असतात, मोजमाप घेऊन शिवलेल्या पोलक्यासारखी. मोठीआई फोनवर कधी मोजक्या शब्दांच्या वर बोलत नाही, कारण फोनचं बिल बोलण्यावर चढतं अशी तिची अजूनही खात्री आहे.

"तू येऊन जाय व माय," ती म्हणाली. "घरात लय शांतता झाली. मले झोप येत नाही."

माझ्या हातातला समोसा थांबला. "कोणी आजारी आहे का?"

"बिमार कोनी नाही. हे बोलतच नाहीत."

"म्हणजे अजिबात?"

"बोलते. पानी दे, जेवाले वाढ, इतकं बोलते. पन आडवं बोलत नाही."

हे ऐकून मात्र मी खरंच घाबरले. आमचे मोठेबाबा सरळ बोलायला लागले, म्हणजे डॉक्टर नाहीतर देवऋषी, कोणीतरी बोलवायलाच पाहिजे. या माणसानं उभ्या जन्मात एक वाक्य सरळ टाकलं नव्हतं. वरण पातळ झालं तर ताटावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "वरनात डाळ शोधाले गेलो, पोहून पोहून दमून आलो." आणि आतून मोठीआई म्हणायची, "मंग तिथंच बुडून जाचं होतं." एवढं झालं की दोघंही पोटभर जेवायची. आमच्या घरात प्रेम हे असं वाढलं जायचं, आणि मीठही त्यातच असायचं.

पण मोठेबाबांची खरी कीर्ती घरातल्या वरणावर नाही, पोळ्याच्या झडतीवर होती. उरलेल्या महाराष्ट्राला झडती म्हटलं की पोलीस येऊन कपाटं उचकतात ते आठवतं. आमच्याकडे झडती म्हणजे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की एका पुऱ्याच्या, म्हणजे वस्तीच्या, माणसानं दुसऱ्या पुऱ्यावर ठणकावून म्हटलेली, यमक जुळवलेली, चारचौघांत इज्जत काढणारी कविता. शेवटी गौरा-पार्वतीला नमन करून महादेवाचा गजर करायचा, म्हणजे काढलेल्या इज्जतीला देव साक्षी राहतो. नियम एकच. ज्याच्यावर झडती आली त्यानं उलट झडती म्हणायची. नाही सुचली तर मान खाली घालून, बैल घेऊन, मुकाट घराकडे.

आमचं गाव मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाताना आत लागतं. गावाचे दोन भाग, वरचा पुरा आणि खालचा पुरा. वर-खाली हे फक्त नावाला, जमीन सगळी परातीसारखी सपाट आहे. आम्ही वरच्या पुऱ्याचे आणि आमची तोफ मोठेबाबा. मी परकर नेसत होते तेव्हापासून त्यांना तोरणाखाली हरताना पाहिलं नव्हतं.

मागच्या पोळ्याला ते हरले. खालच्या पुऱ्यात एक झेरॉक्सवाले आहेत. जन्माचा दाखला, सातबारा, पीकविमा, सगळं त्यांच्याकडूनच निघतं. त्यांनी तोरणाखाली उभं राहून खिशातून फोन काढला आणि त्यातल्या यंत्रानं जुळवून दिलेली झडती पाहून म्हटली. मोठेबाबांनी खाकरून उत्तर दिलं. तोवर यांनी बोटानं पुढचं पान सरकवलं आणि दुसरी म्हटली. मग तिसरी. मग चौथी. झडत्या काही ग्रेट नव्हत्या, पण थांबतच नव्हत्या. मोठेबाबांना एक झडती जुळवायला दोन चिमटी तंबाखू तरी लागतो. ते म्हणाले, "बाप्पा, श्वास तं घे." सगळे हसले, पण झेरॉक्सवाल्यांनी श्वास घेतला नाही, कारण श्वास फोन घेत होता. शेवटी मोठेबाबा बैलांचा कासरा धरून निघाले. घरी येऊन इतकंच म्हणाले, "आता मशीनच बोलते तं मी कायले बोलू." आणि त्या दिवसापासून त्यांचं आडवं बोलणं बंद झालं, ते वर्ष उलटत आलं तरी बंदच होतं. मी त्यानंतर गावी गेलेच नव्हते, म्हणून मला ते फोनवर कळलं.

योगायोग असा की मोठीआईचा फोन आला त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी सर्जनशीलतेचे भवितव्य’ या विषयावर चर्चासत्र होतं. मी मराठी शिकवते, त्यामुळे मानवी सर्जनशीलतेची बाजू माझ्या गळ्यात पडली. मी टेबल आपटून सांगितलं की यंत्र कधीच नवनिर्मिती करू शकणार नाही. टाळ्या पडल्या. मग अध्यक्ष उभे राहिले, कागद उलगडला आणि अत्यंत भावपूर्ण आवाजात वाचू लागले, "नक्कीच! आपल्यासाठी अध्यक्षीय भाषणाचा मसुदा पुढीलप्रमाणे." ते वाक्यही त्यांनी भाषणातलंच समजून वाचलं. मी पदर तोंडात कोंबला. मागच्या रांगेतल्या रसायनशास्त्राच्या बाई तर हसू आवरेना म्हणून बाहेर निघून गेल्या.

रविवारी सकाळी अमरावतीहून एसटी धरली आणि गावी गेले. मोठेबाबा ओसरीत बाजेवर बसले होते. "आली का," म्हणाले. मी वाट पाहत राहिले. मी आले की माझ्या चष्म्यावर, वजनावर, नाहीतर माझ्या नवऱ्याच्या टकलावर काहीतरी यायचं. काही आलं नाही. मोठीआईनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बघ, मी सांगितलं नव्हतं का.

मला वाटलं, भीती घालवायची तर भुताचं तोंड दाखवावं. मी फोन काढला, त्यातलं ते यंत्र उघडलं आणि मोठेबाबांच्या पुढे धरलं. "यालाच विचारा. बघू तरी याला काय येतं."

"त्याचं नाव काय व?" मोठीआईनं विचारलं.

"एआय."

"ए आई? मी मोठीआई, अन् हे कोनाची आई?"

मोठेबाबांनी नाइलाजानं फोन तोंडाशी नेला आणि विहिरीत हाक मारावी तसे ओरडले, "पोयाची झडती सांग."

आता आमच्याकडे ळ चा य होतो. डोळ्याचा डोया होतो, केळ्याचं केयं होतं आणि पोळ्याचा पोया होतो. फोनवर अक्षरं उमटली, ‘पोह्यांची झडती सांग’. क्षणभर यंत्रानं विचार केला आणि मग एक अतिशय सुसंस्कृत बाई बोलू लागली. "पोह्यांची झडती घेण्यासाठी प्रथम पोहे परातीत पसरून घ्या. त्यात खडे, टरफले किंवा किडे आहेत का, हे काळजीपूर्वक तपासा. संशयास्पद दाणे बाजूला काढा. त्यानंतर पोहे हलक्या हाताने धुवावेत."

मी आणि मोठीआईनं एकमेकींकडे पाहायला नको होतं, पण पाहिलं. मोठीआई ओसरीच्या खांबाला धरून खालीच बसली. "संशयास्पद दाने," असं म्हणत ती रडेपर्यंत हसली. मग पदरानं डोळे पुसून फोनकडे वाकून म्हणाली, "कांदा कवा टाकाचा ते इचार."

मोठेबाबा हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "बरोबरच सांगतलं तिनं. पोहे निवडूनच घ्या लागते." आणि बाजेवर आडवे होऊन भिंतीकडे तोंड केलं.

आमचं हसू तिथंच विरलं. इतका पिकलेला आंबा झाडावर लोंबत होता आणि या माणसानं हात उचलला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कोणावर ते नीट कळत नव्हतं, म्हणून मी तो झेरॉक्सवाल्यांवर काढायचं ठरवलं.

मोठेबाबांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, शेती बघतो. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि एक बैलजोडीही आहे, कारण मोठेबाबांनी ती विकू दिली नाही. तो मला गोठ्यामागे घेऊन गेला. "ताई, काट्यानं काटा काढू. त्याईच्याजोळ मशीन आहे तं आपल्याजोळ मशीन अधिक तू. तू त्याले शिकव. मी म्हनतो तोरनाखाली. आपन जिंकलो की बाबा बोलतेत का नाही पाह्य." मला ही कल्पना इतकी आवडली की परतीच्या एसटीत मी शेजारच्या बाईला, ओळख ना पाळख, सगळी योजना सांगितली. तिनं मला मूठभर शेंगा दिल्या आणि खिडकीकडे सरकून बसली.

मग सुरू झाल्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात उनाड सकाळी. चहाचा कप, फोन आणि मी. आधी पोळा म्हणजे काय, झडती म्हणजे काय, हे नीट लिहून सांगितलं. यंत्रानं माझे मनापासून आभार मानले आणि पहिली झडती दिली.

"बैल हा शेतकऱ्याचा सखा सोबती,
त्याच्या श्रमाने फुलते ही माती,
चला करू पर्यावरणाचे रक्षण,
हेच आपुल्या संस्कृतीचे लक्षण."

ही झडती म्हटली असती तर आमचे बैल उभ्या उभ्या झोपले असते. मी लिहिलं, बाबा रे, इथे इज्जत काढायची असते. ते म्हणालं, कोणाच्याही भावना न दुखावता विनोद करणं उत्तम. मी लिहिलं, भावना दुखावण्यासाठीच लोक नवे कपडे घालून येतात. मग ते थोडं सैल झालं. पण मी वऱ्हाडीत लिहून दिलं की ते नम्रपणे माझंच शुद्धलेखन सुधारायचं. ‘मले’चं ‘मला’ करायचं. ‘करून राहिलो’ लिहिलं तर विचारायचं, "आपण कोठे राहिलात?" मी जन्मभर पोरांच्या वह्यांत हेच ‘मले’ लाल शाईनं कापत आले, आणि आता एका मशीनशी ‘मले’साठी भांडत होते. आमच्या घरातून माझा आवाज इतका वाढायचा की शेजारच्या काकूंना वाटलं, आमचा मुलगा अमेरिकेहून फोनवर पैसे मागतोय.

पण शिकलं हो ते. लबाडानं चार दिवसांत ‘ले’ आत्मसात केलं. एका सकाळी त्यानं एक ओळ दिली, "बैल म्हनते, मालक तू ओढ, कासरा धरतो मी." मी कप खाली ठेवला. ही ओळ मला सुचायला हवी होती. मत्सर वाटला, अगदी खरा, वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलीबद्दल वाटायचा तसा. चर्चासत्रात टेबल आपटलं होतं तो हात मी दुसऱ्या हातानं दाबून धरला.

आणि मत्सर म्हणजे काय, तो अंगात भरला की हात चालायला लागतात. त्यानं एक दिली की मी दोन लिहायची. भाजी चिरताना, पेपर तपासताना, स्कूटर लाल दिव्याला थांबली असताना यमकं डोक्यात उड्या मारायची. एकदा मला इतकं यमक चढलं की प्राचार्यांनी "रजेचा अर्ज?" विचारलं, आणि "टेबलावर आहे तुमच्या, वाचला नाही तर माझी काय मर्ज?" असं तोंडातून निघून गेलं. मर्ज म्हणजे आजार, त्याचा तिथे काही संबंध नव्हता, पण यमक संबंध पाहत नाही. घरी नवऱ्यावर झडती झाली.

"चहा झाला, पेपर झाला, बसले सोफा धरून,
भाजी आना म्हटलं की येते गुडघा भरून."

हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी पेपर शांतपणे घडी केला, पिशवी घेतली, बाजारात गेले आणि पिशवी भरून दोडके घेऊन आले. मला दोडका आवडत नाही हे त्यांना लग्नाआधीपासून माहीत आहे. आम्ही आठवडाभर दोडका खाल्ला आणि बऱ्याच वर्षांनी जेवताना इतकं हसलो.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. प्रत्येक झडतीनंतर ते यंत्र विचारायचं, "अधिक बोचरी करू का?" मोठेबाबांनी असं कधी कोणाला विचारलं नव्हतं. त्यांना आपोआप कळायचं, कारण ज्याची इज्जत आज काढायची त्याच्याकडेच उद्या फवारणीचा पंप मागायला जायचं असतं. झडती किती खोल घुसवायची आणि कुठे थांबवायची, हे त्या पंपावर ठरतं. यंत्राला कोणाकडे काही मागायला जायचं नसतं. त्यामुळे ते एकतर गोडच बोलायचं, नाहीतर सांगितलं की कोणालाही काहीही बोलायचं. पण चर्चासत्र संपलं होतं, आता हे ऐकवायचं कोणाला?

शेवटी आम्ही एक झडती पक्की केली. चुलतभावाला ती इतकी आवडली की तो फोनवर ऐकता ऐकता ट्रॅक्टरवरून उतरला.

"मोबाईलची बॅटरी झाली फुल्ल,
खालच्या पुऱ्याची अकलेची बत्ती गुल,
बैलाले म्हनते, फोटो लाईक कर बाप्पा,
बैल म्हनते, आधी टाक कुटार, मंग मार गप्पा."

कुटार म्हणजे गुरांचा भुसा, आणि हा शब्द यंत्रानं माझ्याकडूनच उचलला होता. बाकी मजकूर त्याचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गावी पोचले. संध्याकाळी मोठेबाबा बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांचा हा मान. चोळता चोळता बैलांना म्हणतात तसं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवाज इतका हळू होता की आमंत्रण बैलांच्या कानापर्यंतच पोचलं असेल. मी जवळ जाऊन म्हटलं, "उद्या येणार ना तोरणाखाली?"

"येतो ना. बैल कोन धरन?"

"आणि झडती?"

"तुमी म्हनून राह्यले ना आता. म्हना." त्यांनी लोणी लागलेला हात बैलाच्या पाठीला पुसला. "मले काही राग नाही बाई. जमाना आहे त्याचा."

राग असता तर बरं झालं असतं. मला तो जमाना नको होता आणि त्यांचा समजूतदारपणा तर मुळीच नको होता. मला माझे आडवे मोठेबाबा पाहिजे होते.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. बैल आता मोजकेच राहिलेत, पण नटले होते जोरात. शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. बैल नसलेल्यांनी ट्रॅक्टर आणले होते आणि बॉनेटला हळदकुंकू लावलं होतं. एकानं तर ट्रॅक्टरच्या दोन्ही दिव्यांना डोळ्यांसारखं काजळ घातलं होतं. डफडं वाजत होतं. बाया देवळाच्या ओट्यावर उभ्या राहतात, मीही तिथंच होते, मोठीआईच्या शेजारी. मोठेबाबा जोडीचा कासरा धरून आमच्या रांगेत, आणि त्यांच्या पुढे भाऊ, हातात फोन.

पहिला मान खालच्या पुऱ्याचा. झेरॉक्सवाले पुढे आले. नवीन पांढरा सदरा, हातात फोन. डफडं थांबलं. ते म्हणाले,

"मोबाईलची बॅटरी झाली फुल्ल,
वरच्या पुऱ्याची अकलेची बत्ती गुल..."

माझ्या कानाला वाटलं, आपल्यालाच भास होतोय. पण पुढे बाप्पा आला, मग कुटार आलं, मग गप्पाही आल्या. शब्द न् शब्द तोच, फक्त ‘खालच्या’चं ‘वरच्या’ झालं होतं. ते यंत्र सकाळी माझ्याशी बोलत होतं आणि संध्याकाळी त्यांच्याशी. दोघांनाही म्हणालं असेल, "ही खास आपल्यासाठी."

भावानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला विहिरीत सोडून दोर कापला आहे. बिचाऱ्याकडे दुसरं काही नव्हतंच. त्यानं घसा साफ केला आणि तीच झडती, त्याच क्रमानं, ‘खालच्या’ घालून म्हटली. आधी कोणाला कळलं नाही. मग एक हसला, मग चार, मग सगळं गाव. पोरं ओरडायला लागली, "झेरॉक्स, झेरॉक्स." झेरॉक्सवाले आणि माझा भाऊ, दोघंही मान खाली घालून फोनवर बोटं फिरवू लागले, नवी झडती मागवायला. पण निम्मं गाव फोनवरून पोळा मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना दाखवत होतं. नेटवर्क केव्हाच बसलं होतं. दोघांच्याही पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं.

हसणं ओसरलं. तोरणाखाली दोन पुरे, सजलेले बैल, एवढी माणसं, आणि कोणाकडेच झडती नाही. नुसती घुंगरं वाजत होती. कोणीतरी म्हणालं, "तोडा तोरन, जाऊ द्या बैल घरी." मी मोठेबाबांकडे पाहिलं. आता, मला वाटलं, आता बोलतील. सगळ्या गावानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते बैलाच्या पायाकडे पाहत होते. त्यांनी कासरा आवळला आणि घराकडे वळायला लागले.

माझं डोकंच फिरलं. मोठीआईनं माझा हात धरला होता, तो कधी सुटला ते कळलं नाही. ओट्यावरून बाईनं झडती म्हटल्याचं आमच्या गावात कोणी ऐकलं नव्हतं, पण ते तेव्हा मला आठवलं असतं तर ना. मी पाठ वळवलेल्या मोठेबाबांवर नेम धरला आणि ओरडले.

"खालचा पुरा, वरचा पुरा, दोघाइचं एकच गानं,
मशीनीनं वाढलं उष्टं, दोघंही चाटते पानं,
अन् आमचा म्हातारा वाघ पाहा, मिशीले लावते तूप,
मोबाईलले पाह्यलं अन् गोठ्यात बसला चूप.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

पुढचं ‘हर हर महादेव’ सगळ्या गावानं म्हणायचं असतं. एकानंही म्हटलं नाही. घरच्या लेकीनं घरच्या थोरल्या माणसाची, भर तोरणाखाली, त्याच्याच पुऱ्यासमोर इज्जत काढली होती. माझे कान तापले. भावानं तोंडावर हात घेतला. मोठीआई शेजारी इतकी स्तब्ध उभी होती की मला तिच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. मला वाटलं, मी आता हे घर कायमचं गमावलं.

मोठेबाबा थांबले. त्यांनी कासरा भावाच्या हातात दिला. हळूहळू वळले. खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला. सवयीनं तंबाखूची डबी चाचपली, पण उघडली नाही. मग खाकरले.

"अमरावतीची मास्तरीन, चष्मा तिचा भारी,
पोयी लाटते तं नकाशा होते, तालुके दिसते चारी,
वाघाले म्हने चूप बसला, वाघ धरून होता दम,
शेयीच आली शिंगं घेऊन, हे का थोडं कम?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव," असा गजर उठला की बैल बुजले आणि काजळ घातलेल्या ट्रॅक्टरवर बसलेलं पोरगं खाली उडी मारून पळालं. झेरॉक्सवाले फोन खिशात घालून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. मोठीआई रडत होती आणि मला कोपरानं ढोसत म्हणत होती, "शेयी म्हने तुले. चार तालुके म्हने." मी हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चष्मा पुसावा तर पुन्हा भिजत होता. माझ्या पोळ्यांचे नकाशे होतात, हे खरंच आहे.

गजर शमला. मला वाटलं, झालं, आता तोरण तुटेल. पण कोणी तोरणाला हात लावला नाही. सगळे ओट्याकडे पाहत होते. मोठेबाबाही पाहत होते, कानामागे हात धरून, मिशीत हसत, खालच्या पुऱ्याच्या माणसाकडे आजवर पाहत आले तसेच.

"बोल ना व," ते म्हणाले. "तुही बारी आहे."

माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. मी तोंड उघडलं.